मुका झालेला संगणक

आपला मावळ हा नाना ध्वनींचा प्रदेश आहे. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला कार्ल्याच्या डोंगरावर ढोल घुमतात. बोरघाट चढून येणाऱ्या आगगाड्यांची घरघर लोणावळ्याला नवी नाही. १८६३ साली घाटातील लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून ती ऐकू येत आहे. आणि आषाढ-श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, म्हणजे शेजारी बसलेल्याचे बोलणेही कानी पडत नाही.

अशा या प्रदेशातील एखाद्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर्गाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. कोणा सद्‌गृहस्थाने नवा घेतला, तेव्हा जुना शाळेला दिला. वर्गातील एका विद्यार्थ्याची दृष्टी अधू आहे. पुस्तकातील अक्षरे त्याला दिसत नाहीत. परंतु ध्वनिमुद्रित केलेले पाठ तो या संगणकावर ऐकतो आणि मनात साठवितो. इतरांना जे पुस्तक, तेच त्याला हा आवाज. गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडते. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, पाठ चालू झाल्याची खूण दिसते. परंतु एक अक्षरही ऐकू येत नाही. सहामाही परीक्षा तर तोंडावर आलेली!

आता काय करावे? कोणी म्हणेल, "यंत्र जुने झाले, भंगारात घाला." कोणी त्याच्या पाठीत दोन थापटा मारील. कोणी भराभर सगळ्या तारा उपटून पुन्हा खोचील. यांपैकी एकही उपाय शहाणपणाचा नाही. दुखणे कोठे आहे हे न पाहता औषध देणे, म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार होय. प्रथम निदान, मग उपचार, हा वैद्याचा नियम यंत्रालाही लागू पडतो.

निदान करावयाचे, तर संगणकातून आवाज कसा निघतो हे समजले पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. संगणकाला मात्र केवळ अंक कळतात. म्हणून ध्वनिमुद्रण करताना एका सेकंदात हजारो वेळा त्या कंपनाचे माप घेऊन ते अंकांच्या रूपाने साठवितात. संगीताच्या सीडीवर असे माप दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतलेले असते. हे अंक वाचून त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारा जो भाग, त्याला 'साउंड कार्ड' म्हणतात. त्या लहरी तारेतून स्पीकरमध्ये जातात. तेथे लोहचुंबकाजवळ बारीक तारेचे वेटोळे असते. लहरींप्रमाणे ते मागेपुढे हलते, त्याला जोडलेला पडदा हलतो आणि पडद्यामुळे हवा कंप पावते. तेच कंपन आपल्या कानाशी येऊन पोहोचते.

संगणकाला वाचा फुटण्याची कथाही मनोरंजक आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या आतील चिमुकल्या स्पीकरमधून साधे पीं पीं तेवढे निघत असे. त्याच वर्षी सिंगापूर येथे सिम वाँग हू यांनी आपल्या मित्राच्या साहाय्याने एक लहानसे दुकान काढले. दुकान कसले, तर संगणक दुरुस्तीचे! याच दुकानातून पुढे 'क्रिएटिव्ह' ही कंपनी वाढली आणि १९८९ साली तिने 'साउंड ब्लास्टर' हे साउंड कार्ड बाजारात आणले. ते जगभर गाजले. पुढे आवाजाची ही सोय संगणकाच्या मुख्य पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवरच, होऊ लागली. परंतु जुन्या संगणकांत अजूनही खाचेत बसविलेले वेगळे कार्ड आढळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मावळातील भाताची खाचरे तुम्ही पाहिली असतील. एका खाचरातील पाणी बांधाच्या वाटेने दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरते. सर्वांत खालचे खाचर कोरडे राहिले, तर जाणता शेतकरी सगळे बांध फोडीत सुटत नाही. कोरड्या खाचरापासून तो बांधाबांधाने वर चालत जातो आणि पाणी कोठपर्यंत आले आहे ते पाहतो. जेथे पाणी संपते, तेथेच अडथळा असतो. आवाजाचा शोधही असाच घ्यावा. कानापासून आरंभ करून, स्पीकर, तार, कार्ड, ड्रायव्हर असे एकेक पाऊल आत जावे.

पहिले पाऊल स्पीकरचे. त्याचा प्लग भिंतीत नीट बसला आहे काय? दिवा लागला आहे काय? आवाजाची खुंटी कोणी अगदी बारीक तर केली नाही ना? मग तोच स्पीकर दुसऱ्या एखाद्या चालू यंत्राला, उदाहरणार्थ मोबाइलला, जोडून पाहावा. तेथे आवाज आला, तर स्पीकर आणि त्याची तार निर्दोष ठरली. एका परीक्षेत दोन साक्षीदार सुटले!

दुसरे पाऊल जोडणीचे. संगणकाच्या मागच्या बाजूस सारखीच दिसणारी तीन-चार छिद्रे असतात. बहुधा हिरवे छिद्र स्पीकरचे, गुलाबी मायक्रोफोनचे आणि निळे बाहेरून आवाज आत घेण्याचे असते. फार जुन्या कार्डांवर रंग नसतात, केवळ खुणा कोरलेल्या असतात. काही संगणकांना तर अशा छिद्रांचे दोन संच असतात: एक मदरबोर्डचा, दुसरा कार्डाचा. झाडलोट करताना तार निघाली आणि चुकीच्या संचात बसली, तर यंत्रात काडीचाही दोष नसताना ते मुके होते.

तिसरे पाऊल पडद्यावरचे. कोपऱ्यातील स्पीकरच्या चित्रावर फुली असेल, तर आवाज मुद्दाम बंद केलेला आहे, असे समजावे. कित्येकदा सारा संगणक उलगडून झाल्यावर ही फुली लक्षात येते. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणतात तो हाच. त्याचबरोबर दुसरा एखादा पाठ लावून पाहावा. तो ऐकू आला, तर बिघाड संगणकात नसून पहिल्या पाठाच्या साठवणीत आहे.

चौथे पाऊल ड्रायव्हरचे. हा ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. संगणक आणि कार्ड यांच्यामधला हा दुभाषी आहे. संगणकाची आज्ञा कार्डाला समजेल अशा भाषेत तो सांगतो. विंडोज प्रणालीत 'डिव्हाइस मॅनेजर' नावाची यादी असते. तीत संगणकाला जोडलेल्या सर्व भागांची नावे दिसतात. येथे दोन गोष्टींतील भेद नीट ध्यानात घ्यावा. कार्डाचे नाव यादीत असून त्यापुढे पिवळी खूण असेल, तर कार्ड संगणकाला दिसत आहे, पण त्यांचे संभाषण बिघडले आहे; अशा वेळी त्याच कार्डाचा योग्य ड्रायव्हर पुन्हा बसवावा. परंतु कार्डाचे नावच यादीत नसेल, तर संगणकाला त्या कार्डाचा पत्ताच लागलेला नाही, असे समजावे. मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी जुन्या संगणकांत एक निराळीच अडचण येई. प्रत्येक कार्डाला संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांक नेमून द्यावा लागे. चुकून दोन कार्डांना एकच क्रमांक दिला गेला, म्हणजे दोन वर्गांनी एकाच घंटेवर हक्क सांगावा तसा गोंधळ होई. १९९५ साली विंडोज ९५ ही प्रणाली आल्यानंतर हे क्रमांक संगणक आपणच वाटून देऊ लागला आणि ती कटकट बरीच कमी झाली.

आपल्या उदाहरणातील शाळेत पहिली तिन्ही पावले टाकून झाली. दोष सापडला नाही. चौथ्या पावलाला असे दिसले की, यादीत साउंड कार्डाचे नावच नाही. म्हणजे पाणी कोठे अडले ते कळले!

येथे आपल्या हवेचा विचार केला पाहिजे. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच. त्या दिवसांत वह्यांची पाने ओलसर होतात, चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते. चालू असलेला संगणक आतून उबदार राहतो. परंतु सुट्टीत बंद पडून राहिला, की त्याच्यातही दमट हवा शिरते. कार्डाच्या कडेला धातूच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते. तिच्यावरच कार्डाचा आणि संगणकाचा सारा संबंध अवलंबून असतो. धूळ आणि ओल यांचा पातळसा थर तिच्यावर बसला, तरी तो संबंध तुटू शकतो.

पाचवे पाऊल म्हणूनच पेटी उघडण्याचे. हे काम शिक्षकांच्या देखतच करावे. संगणक बंद करून त्याची तार भिंतीतून काढून घ्यावी. वीजपुरवठ्याची आतील बंद डबी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तीत वीज साठलेली असू शकते. कार्डाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते; एरवी तिचा सूक्ष्म झटकाही कार्डाला घातक ठरतो. मग स्क्रू काढून कार्ड सरळ वर उचलावे. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. धातूच्या पट्ट्या स्वच्छ खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसाव्यात, कारण त्यांवरील मुलामा पातळ असतो. रबराचा चुरा झटकून टाकावा आणि कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन पुन्हा खाचेत बसवावे.

एवढे केल्यावर संगणक सुरू केला, तर यादीत नाव आले, स्पीकरने मंद खरखर केली आणि अर्ध्यावर राहिलेला पाठ बोलू लागला. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो विद्यार्थी त्याच दिवसापासून पुन्हा अभ्यासाला लागू शकला. एवढे करूनही आवाज आला नसता, तरी श्रम वाया गेले नसते. कार्डच निकामी झाले आहे हे निश्चित झाले असते आणि सबंध संगणक न टाकता केवळ कार्ड बदलून भागले असते.

या शोधात एक नियम प्राणाप्रमाणे जपावा: एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. तार बदलली, ड्रायव्हर बदलला, कार्ड पुसले आणि मग आवाज आला, तर तो कशामुळे आला हे कोण सांगणार? पुढच्या पावसाळ्यात यंत्र पुन्हा रुसले, तर पहिल्यापासून चाचपडावे लागेल. लोणावळ्याजवळ नौदलाची 'आय.एन.एस. शिवाजी' ही संस्था आहे. १९४५ सालापासून तेथे नौदलाच्या यंत्रविद्येचे शिक्षण दिले जाते. भर समुद्रात जहाजाचे यंत्र थांबले, तर तेथे ना दुकान, ना कारखाना. जवळ असते ते केवळ क्रमाने विचार करण्याचे शिक्षण. शाळेच्या कोपऱ्यातील संगणकापुढे बसलेल्या मुलांना जे शिकावयाचे, ते याहून वेगळे नाही.

विद्यार्थ्यांनो, यंत्रे जुनी होतात, त्यांची नावे बदलतात. आज पाहिलेले साउंड कार्ड उद्या कदाचित कोणी ओळखणारही नाही. पण सोप्याकडून अवघडाकडे जाणे, पुराव्यावाचून दोष न देणे आणि ज्याचे काम अडले आहे त्याची आठवण ठेवून धीराने शोध घेणे, ही रीत कधीही जुनी होत नाही. सायकलची साखळी असो, गणितातील चुकलेले उत्तर असो, ती सर्वत्र उपयोगी पडते.

शब्दार्थ

निदान – रोगाचे किंवा दोषाचे मूळ कारण ओळखणे
अधू – कमजोर
दुभाषी – एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा
गत्यंतर – दुसरा मार्ग
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
मुलामा – धातूवर चढविलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे द्या.
(अ) संगणकातील अंकांचे ध्वनीत रूपांतर कसे होते?
(आ) कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण असणे आणि कार्डाचे नावच नसणे, या दोहोंतून कोणते भिन्न निष्कर्ष निघतात?
(इ) दमट हवेचा साउंड कार्डावर काय परिणाम होतो?

२. कारणे द्या.
(अ) एका वेळी एकच बदल करावा.
(आ) कार्डाला हात लावण्यापूर्वी धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा.

३. खाचरांतील पाणी आणि संगणकातील आवाज यांतील साम्य पाच-सहा ओळींत लिहा.

४. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' आणि 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणींचा अर्थ सांगून प्रत्येकीला तुमच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.

५. संधी सोडवा: सद्‌गृहस्थ, गत्यंतर.

६. उपक्रम: घरातील किंवा शाळेतील एखादी बंद पडलेली वस्तू वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली तपासा. तपासाची पावले क्रमाने वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.