‘लिमिटेड’ : मर्यादा नेमकी कशाला?

बाजारपेठेतून जाताना पाट्यांवर ‘लिमिटेड’ हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्याचा अर्थ विचारावा असे वाटतच नाही. उलट ज्या नावापुढे तो शब्द असेल ती संस्था मोठी आणि भरवशाची, असा आपला समज असतो. ‘लिमिट’ म्हणजे मर्यादा आणि ‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादा घातलेले, हे शाळेतच शिकवले जाते. खानावळीतल्या लिमिटेड थाळीत ती मर्यादा पोळीभाताला असते. कंपनीच्या पाटीवर ती कशाला असते? धंद्याला नाही आणि नफ्यालाही नाही. ती असते सभासदांच्या जबाबदारीला.

हा शब्द लॅटिन ‘लिमेस’पासून आला. त्याचा अर्थ शेताची हद्द, म्हणजे आपला बांध. कंपनी कायद्यातही असाच एक बांध आहे. त्याच्या एका बाजूला कंपनीची मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला शेअर घेणाऱ्याचे घरदार.

एक उदाहरण घेऊ. तीन भावांचे भागीदारीत दुकान आहे. दुकान बुडाले. देणे ५ लाख रुपये, आणि सारा माल विकून आले २ लाख. उरलेल्या ३ लाखांसाठी धनको भावांच्या घरादारापर्यंत पोचू शकतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार असतो. दोघांजवळ काही नसेल तर तिसऱ्याने सारे फेडायचे. हेच दुकान लिमिटेड कंपनीचे असते, तर हिशेब निराळा झाला असता. १० रुपयांच्या शेअरपैकी ६ रुपये भरले असतील, तर फार तर राहिलेले ४ रुपये मागता येतात. पूर्ण भरले असतील तर काहीच मागता येत नाही.

बांध नसला तर काय होते ते १८७८ साली स्कॉटलंडात दिसले. सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. मर्यादित जबाबदारीचा कायदा ब्रिटनमध्ये १८५५ सालीच झाला होता, पण या बँकेने ती सोय घेतलेली नव्हती. भागधारकांना दर १०० पौंडांच्या भागामागे २,७५० पौंड भरावे लागले. त्यात बहुतेक जण धुळीला मिळाले. आपल्याकडे कंपन्यांना ही सोय १८५७ च्या कायद्याने मिळाली.

पण भागधारकाचे जे वाचते ते कुणाचे तरी बुडते. ज्याने उधारीवर माल दिला त्याचे बुडते. म्हणून त्याला आधीच सावध केले पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीने आपले नाव कचेरीबाहेर ठळक अक्षरांत लावायचे असते, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही लिहायचे असते. तेव्हा ‘लिमिटेड’ ही मोठेपणाची पदवी नव्हे. ‘आमच्याशी उधारीचा व्यवहार कराल तर आमची घरे त्याला तारण नाहीत,’ अशी ती जाहीर सूचना आहे.

आपल्या सीमाभागात या शब्दाची आणखी एक गंमत आहे. मराठीत आपण ‘मर्यादित’ लिहितो. कन्नड पाटीवर त्याच जागी ‘नियमित’ असते. मराठी माणूस ते वाचून म्हणेल, ही संस्था रोज वेळेवर उघडत असावी! दोन्ही शब्द संस्कृतातलेच, पण अर्थ कळायला दोन्ही भाषा जाणाव्या लागतात.

शेवटी एक इशारा. छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कर्ज देताना बँक पुष्कळदा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या कागदावर सही झाली की हमीच्या रकमेपुरता बांध फुटला. पाटीवर ‘लिमिटेड’ तसेच राहते, पण सही करणाऱ्याचे घर पुन्हा देण्याच्या हद्दीत येते. आपल्यापैकी पुष्कळांना उद्या अशा कागदांवर सह्या करायच्या आहेत. तेव्हा पाटीबरोबर कागदही वाचावा.