बिनतारी इंटरनेटचा धंदा : साहित्य कसे पारखावे?

जिथे फायबरची केबल पोहोचत नाही अशा वाडी-वस्तीवर टॉवर उभारून बिनतारी इंटरनेट पुरविणे हा थोड्या भांडवलात होणारा व्यवसाय आहे. दूरसंचार विभागाचा परवाना किंवा परवानाधारक कंपनीची फ्रँचायझी हाती असली की काम सुरू करता येते. आखातातून चार पैसे गाठीला बांधून परतलेला तरुण याकडे वळला तर नवल नाही. मात्र डीलरकडे गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, "सर्वांत स्वस्त रेडिओ कोणता?" नुकसानीची सुरुवात तेथूनच होते.

डब्यावर '३०० मेगाबिट' असे ठळक छापलेले असते. हा हवेतला कमाल वेग झाला. रेडिओ एका वेळी एक तर बोलतो किंवा ऐकतो, म्हणून प्रत्यक्षात साधारण निम्माच वेग हाती येतो, आणि तोही त्या टॉवरवरच्या सर्व ग्राहकांत वाटला जातो. शिवाय यंत्र उलटे करून पाहावे. अशा कित्येक स्वस्त मॉडेलांच्या मागे केबलचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असते! ३०० चे पाणी १०० च्या नळातून कसे यायचे? या हिशेबावर ग्राहकाला वेगाचे आश्वासन देणे म्हणजे मापात मारणेच होय.

दोन टोकांमध्ये नजर पोहोचली म्हणजे झाले, असेही समजू नये. ५ किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ लावला तर मध्यावर लहरींना सुमारे ८ मीटर त्रिज्येची जागा लागते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळा हवा. आज दिसणारी वाट दोन पावसाळ्यांनी वाढलेली झाडे अडवतात.

केबल बाहेरच्या वापराची, शिल्डची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याची म्हणून खपवली जाते. चाकूने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. अशा केबलमधून टॉवरच्या टोकापर्यंत वीज पुरेशी पोहोचत नाही. अर्थिंगमध्ये काटकसर करू नये, विजेच्या एका लोळात सगळी कमाई जाते. तसेच २४ व्होल्टच्या रेडिओला दुसऱ्याच ॲडॉप्टरची वीज देऊन तो जाळून बसणारेही पुष्कळ आहेत.

हे दोष निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारा दोष यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये असतो. मे २०१६ मध्ये युबिक्विटी कंपनीच्या रेडिओंवर आपोआप पसरणाऱ्या व्हायरसने हल्ला केला. तो एका रेडिओतून शेजारच्या रेडिओत शिरत असे आणि मालकालाच बाहेर ठेवत असे. अनेक देशांतील छोट्या पुरवठादारांची सेवा त्यामुळे कोलमडली. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारे फर्मवेअर कंपनीने जुलै २०१५ मध्येच दिले होते. दहा महिने ते अनेकांनी चढवलेच नाही.

मायक्रोटिकच्या राउटरांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्यातील एक छिद्र उघड झाले. त्यातून राउटरमधील पासवर्डच वाचता येत होते. कंपनीने तत्काळ दुरुस्ती दिली. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राझिलमधील हजारो राउटरांत घुसून चोरांनी ग्राहकांच्या संगणकांवर गुपचूप आभासी चलन तयार करण्याचे काम चालविले. ग्राहक बिचारा संगणक मंद झाला म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धावला असेल! येथे ध्यानात ठेवण्याची बाब अशी की, अशा वेळी केवळ फर्मवेअर बदलून भागत नाही. पासवर्ड आधीच चोरीला गेलेला असू शकतो, म्हणून तोही बदलावा लागतो.

पासवर्डच्या बाबतीत तर हलगर्जीपणाची कमाल आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की, रशियन लष्करी गुप्तचर शेकडो छोट्या राउटरांचा हेरगिरीसाठी वापर करीत होते. त्या राउटरांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड मालकांनी बदललेच नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली, हा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. जुने फर्मवेअर असलेला रेडिओ ग्राहकाच्या छपरावर लावणे ही तशीच झाकलेली ओल आहे. त्या यंत्रातून त्याचे बँकेचे व्यवहार आणि घरातल्या माणसांची खाजगी बोलणी जातात. ती आपल्याकडे अमानत आहे.

म्हणून रेडिओंचे नियंत्रण ग्राहकांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे आणि बाहेरच्या इंटरनेटवरून ते उघडू देऊ नये. एका ग्राहकाला दुसऱ्याचे यंत्र दिसता कामा नये. सर्व टॉवरना एकच पासवर्ड देण्याची सवय सोडावी.

कायद्याचेही भान हवे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे परवानामुक्त झाले; पण यंत्र मान्यताप्राप्त असणे आणि शक्तीची मर्यादा पाळणे बंधनकारकच आहे. शेजाऱ्याच्या रेडिओचा अडथळा झाला तर या पट्ट्यात कोणी संरक्षण देत नाही. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरीसारख्या घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. नोंदी ठेवण्याची सोयच नसलेला राउटर त्यामुळे कितीही स्वस्त असला तरी कामाचा नाही.

डीलरला किमतीआधी एक प्रश्न विचारावा : या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर कोणत्या महिन्यात आले? उत्तरावर न विसंबता कंपनीच्या संकेतस्थळावर तारीख स्वतः पाहावी. दोन वर्षांत काहीच आले नसेल तर तो रेडिओ निम्म्या किमतीतही घेऊ नये. जुना माल घेतलाच तर टॉवरवर चढविण्यापूर्वी टेबलावरच तो पूर्ण पुसून घ्यावा आणि नवे फर्मवेअर भरून नवा पासवर्ड द्यावा.