विहिरीतील पाणी आणि अक्षरांचे गणित

साथीच्या दिवसांत विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. ती किती टाकावयाची हे अंदाजाने ठरविणे बरे नव्हे. कमी पडली तर पटकीचे जंतू जिवंत राहतात. फार झाली तर उग्र वासामुळे लोक ती विहीर सोडून ओढ्याकडे वळतात.

साधारण नियम असा की, १,००० लिटर स्वच्छ पाण्यास चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम पावडर लागते. (गढूळ पाण्यास अधिक लागते, ते प्रमाण हॉरॉक्सच्या चाचणीने ठरवितात.) आता गोल विहिरीचा व्यास ‘क’ मीटर आणि पाण्याची खोली ‘ख’ मीटर मानू. खोली पाण्याची घ्यावयाची, काठापासूनची नव्हे. अक्षरे पाहून बिचकण्याचे कारण नाही. आपले जुने गणितीही अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणून ‘या’ एवढेच लिहीत असत.

तळाचे क्षेत्रफळ ३.१४ × क² ÷ ४, म्हणजे ०.७८५ × क² चौरस मीटर होय. त्यास ‘ख’ने गुणले की घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून पावडर किती ग्रॅम लागेल ते सांगणारी राशी अशी:

२.५ × ०.७८५ × क² × ख

पहिल्या दोन संख्यांचा गुणाकार १.९६२५ येतो. व्यवहारात तो २ मानण्यास हरकत नाही. उरते केवळ २ × क² × ख.

व्यास ३ मीटर व खोली ४ मीटर असल्यास प्रथम ३ चा वर्ग करावा: २ × ९ × ४ = ७२ ग्रॅम. कोणी आधी २ × ३ करून मग वर्ग केला, तर १४४ ग्रॅम येतील, म्हणजे नेमके दुप्पट.

हा हिशेब सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचा झाला. उघड्या डब्यातील पावडरीचा जोर हवेने व ओलाव्याने उतरतो. तो ‘ग’ टक्के उरला असेल, तर राशीस ३३ ÷ ग ने गुणावे. ग = २२ असता ७२ चे १०८ ग्रॅम होतात. घाईत गुणोत्तर उलटे लिहिले तर ४८ येतील. परंतु पावडर जितकी निकस तितकी कमी टाकावी, हे कसे संभवेल?

उन्हाळ्यात पाणी ४ मीटरांवरून २ मीटरांवर आले की पावडरही निम्मी पुरते. व्यासाचे तसे नाही. ६ मीटर व्यासाच्या व ४ मीटर पाणी असलेल्या विहिरीस २ × ३६ × ४, म्हणजे २८८ ग्रॅम लागतात. रुंदी दुप्पट, पावडर मात्र चौपट. डोळ्यांचा अंदाज फसतो तो येथे.