मागच्या चाकाची आतली बाजू

मोटारीचा टायर बाहेरून पाहून त्याच्या उरलेल्या आयुष्याचा अदमास बांधण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, ती मागच्या चाकांच्या बाबतीत किती फसवी ठरते याचा प्रत्यय मला किनवटहून हिमायतनगरकडे जाताना, इस्लापूर नुकतेच मागे पडलेले असता, भर पावसाळ्यात आला. आणि तेव्हापासून जुनी मोटार घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक परिचिताला मी हेच सांगत आलो आहे, की कागदपत्रांची खातरजमा मागाहून करा, आधी गाडी जॅकवर चढवायला लावून मागच्या चाकांची आतली बाजू पाहा.

गाडी जुनी असली तरी टायर चारही नवे होते, बसवून वर्षही झाले नव्हते, आणि बाहेरच्या कडेच्या खाचा अगदी कोऱ्या वाटाव्यात इतक्या खोल होत्या. असे असूनही डावीकडचे मागचे चाक अकस्मात फुटले, गाडीचा मागचा भाग ओल्या डांबरावर कडेकडे ओढला गेला, आणि वेग बेताचा व समोरचा रस्ता मोकळा होता एवढ्याच कारणाने आम्ही सागाच्या झाडांत न शिरता मुरमावर थांबलो. स्टेपनी चढवून इस्लापूरला परतलो तेव्हा पंक्चर काढणाऱ्या पोराने फुटलेला टायर उलटा करून आतल्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "सर, बाहेरून टायर नवंच दिसायलंय, पण आतून पार तार निघालीय. तुमची गाडी टायर खायलीय, अन् ते बी मागचं." उजवीकडचा जोडीदारही त्याच वाटेवर होता. नवल याचे, की व्हील अलाइनमेंट केल्याची पावती गाडीच्या खणात होती. ती नीट वाचली असता तिच्यात केवळ पुढच्या दोन चाकांची मापे नमूद केलेली आढळली, मागच्यांचा रकाना कोराच होता.

किनवट हा हैदराबाद संस्थानाच्या अमदानीत आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात दाखल झाला, तरी खरेदीसाठी, दवाखान्यासाठी आणि मोटारीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी येथील माणूस आजही कधी आदिलाबादचा तर कधी नांदेडचा रस्ता धरतो. चारही चाकांचे माप एकदम घेणारे यंत्र गाठायचे तर दिवस मोडतो, आणि म्हणून पुढच्या दोन चाकांवर भागवण्याची सवय जडते. ती जडण्यास कारखानदारांचाही हातभार आहे, कारण पुष्कळशा लहान गाड्यांत मागच्या चाकांना फिरवण्याजोगा स्क्रू नसतोच; जे फिरवता येत नाही ते मोजायचे तरी कशाला, असा मिस्त्रीचा सवाल असतो. हा सवाल वरकरणी बिनतोड वाटतो, आणि तेथेच घोळ आहे.

चाकाच्या ठेवणीत दोन कोन प्रमुख. समोरून वा मागून पाहता चाक उभ्या रेषेपासून आत अथवा बाहेर जितके कलते, तो कॅम्बर. वरून पाहता ते गाडीच्या मध्यरेषेशी जितके तिरपे असते, तो टो. कॅम्बरने टायर एका कडेवर भार घेतो आणि सावकाश झिजतो. टो बिघडला तर मात्र टायर फिरता फिरता आडवाही घासला जातो, आणि ही आडवी घासणी कल्पनेबाहेरची असते. हिशेब करून पाहा: एखादे चाक अवघ्या अर्ध्या अंशाने तिरपे झाले तर ते दर किलोमीटरमागे सुमारे ८.७ मीटर आडवे ओढले जाते, म्हणजे शंभर किलोमीटरच्या प्रवासात पाऊण किलोमीटरहून अधिक. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही. टायरला तो पुरेपूर कळतो. त्यातही चाकाचे तोंड बाहेरच्या बाजूस वळलेले असेल तर आतली कड जाते, आणि वरचा भाग आत कललेला असेल तरी आतलीच. दोन्ही दोष एकत्र नांदले, म्हणजे बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारेपर्यंत पोहोचतो.

माझ्या गाडीत नेमके तेच झाले होते. तिच्या मागच्या दोन्ही चाकांचे हात तिरप्या आसाभोवती, रबरी बुशांवर खालीवर होत; पुण्याला तयार झालेली आणि १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली टाटा इंडिका अशाच रचनेची, आणि जर्मनीतील बीएमडब्ल्यूनेही १९६० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे हीच रचना पसंत केली, तेव्हा दोष रचनेला देणे अन्यायाचे होईल. तिचा स्वभाव मात्र ओळखून असावे: मागे भार वाढून गाडी खाली बसली, की चाकांचे माथे आत कलतात आणि टोही बदलतो. आमच्याकडे उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत, सहस्रकुंडाचा धबधबा आहे, शेजारी माहूरची रेणुकादेवी आहे; पाहुणा आला की यांपैकी एक फेरी ठरलेली, मागच्या आसनावर तिघांऐवजी चौघे आणि डिकीत शिधासामान. वर्षानुवर्षे असा भार वाहून स्प्रिंगा कायमच्या बसल्या होत्या, बुशांचे रबर तडकून हातांना मोकळीक मिळाली होती, आणि रिकामी गाडीही लादलेल्या गाडीसारखी उभी राहू लागली होती. नांदेडच्या एका वर्कशॉपात चारही चाकांना मापक लावल्यावर या साऱ्याचा उलगडा झाला. तेथील वृद्ध मिस्त्रीने यंत्राला हात लावण्यापूर्वी पहार घालून बुश हलवून दाखवले, ही गोष्ट मला यंत्राहूनही मोलाची वाटते. कारण ढिल्या सांध्यावर घेतलेले माप गाडी दाराबाहेर पडताच खोटे ठरते. बुश आणि स्प्रिंगा जोडीने बदलल्या, मग माप घेतले, मग पुढची चाके जुळवली, आणि झीज थांबली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढची चाके स्टिअरिंगने वळत असली तरी सरळ रस्त्यावर गाडी कोणत्या रेषेने ढकलली जावी हे मागची चाकेच ठरवतात. ती दोन्ही एका अंगाला वळलेली असतील तर गाडी तिरकी धावते आणि सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडे धरून ठेवावे लागते. अशा वेळी केवळ पुढची चाके पुनःपुन्हा जुळवणे म्हणजे बैलगाडीचा आख वाकलेला असता बैल बदलत बसण्यासारखे आहे. मागचे कोन जेथे बदलता येत नाहीत तेथेही ते मोजावेच लागतात, म्हणजे निदान पुढची चाके त्या रेषेला धरून जुळवता येतात आणि बिघाड कोठे आहे तेही कळते.

मारुती स्विफ्टसारख्या गाड्यांत मागे एकच आडवी तुळई असते. तिच्यावर बुशांचा असा परिणाम कमी, पण खड्ड्यात वा दगडावर जोराचा आघात झाला की तुळई अथवा चाकाचा स्टब वाकतो. थोडा फरक असेल तर स्टबच्या मागे पाचरीच्या आकाराची पातळ चकती घालून कोन सुधारता येतो; अधिक असेल तर वाकलेला भाग बदलणे हाच उपाय. गॅसच्या ज्योतीने तुळई लाल करून घणाने सरळ करून देणारे कारागीर आमच्या भागात आहेत, त्यांच्या हातातील कसबाबद्दल मला आदर आहे, तथापि या कामाला त्यांना हात लावू देऊ नये. तापवलेल्या पोलादाचे मूळचे बळ राहत नाही, आणि ते केव्हा दगा देईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

घरच्या घरी करण्याजोगी तपासणी सोपी आहे. गाडी उभी असता टायरच्या तोंडावरून तळवा आडवा फिरवावा, प्रथम बाहेरून आत, मग उलट; एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने टोचरे लागले तर टो बिघडला आहे. मधला पट्टाच झिजला असेल तर हवा जास्त आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, म्हणून हवा टायर थंड असता तपासावी, आणि पूर्ण भार न्यायचा असेल तेव्हा दाराच्या खांबावरील चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे वाढवावी. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकअप गेले समजावे. त्या खळग्यांची गुरगुर ऐकून बेअरिंग बदलण्याचा व्यर्थ खर्च पुष्कळ जण करतात. टायरच्या खाचांत जे लहान उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटर उरल्याची खूण होय, आणि ती आतल्या खाचेतही पाहावी. टायर पुढेमागे फिरवण्याची प्रथा चांगली असली तरी दोष शोधण्यापूर्वी फिरवू नयेत, कारण त्याने पुरावा नष्ट होतो आणि मागच्या चाकांचा अपराध पुढच्यांच्या नावे चढतो.

वर्कशॉपात पावती घेताना दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे आकडे चारही चाकांचे छापून मागावेत, मागचा रकाना कोरा असेल तर काम पुरे झालेले नाही असे स्पष्ट सांगावे, आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरणे अधिक कठीण. आणि आतून संपलेला टायर बाहेरून कितीही नवा दिसला तरी स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नये. भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी तो कापून द्यावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या गाडीला तो पुन्हा बसणार नाही.