पाऊल उचलू नका, सरकवा

आम्हा नागपूरकरांना समुद्राची भीती वाटते ती लाटांची. गुडघाभर पाणी म्हणजे आपल्या फुटाळा तलावाचा काठच. दिवाळीच्या सुटीत तारकर्लीला तसल्याच कोमट, संथ पाण्यात चालताना माझ्या घोट्याजवळ सपकन काहीतरी बसलं. आधी काच वाटली. मग कळ पोटरीतून मांडीपर्यंत चढली. विंचू मला दोनदा चावलाय, पण ही कळ त्याहून जबर. रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका काकांनी जखम पाहिली न पाहिली तोच म्हटलं, "पाकटान काटो मारल्यान."

पाकट म्हणजे स्टिंग रे. हा चपटा मासा उथळ पाण्यात अंगावर वाळू घेऊन पडून असतो. गढूळ पाण्यात डोळेही दिसत नाहीत. तो कुणाच्या वाटेला जात नाही, पण पाठीवर पाय पडला की शेपूट उसळते. काकांनी काटा दाखवला: बोटभर लांब, दोन्ही कडांना बारीक दाते, सगळे मागे वळलेले. आत सहज शिरतो, निघताना मांस फाडतो. जाळ्यात पाकट आलं की कोळी आधी तो काटाच तोडतात.

सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन करताना अनेक भाविकांना असे दंश झाले. हल्ली विसर्जनाआधी गमबूट घालायच्या सूचना येतात. घाला जरूर, पण काटा रबरही भेदू शकतो. त्यापेक्षा चाल बदला. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळू घासत सरकवायचं. चाहूल लागली की पाकट आपणहून निघून जातं. धावत पाण्यात शिरणाऱ्या पोरांना आवरा.

काटा लागलाच, तर हळद-चुना नको, चिरणं नको, दोरी बांधणं तर नकोच. पाकटाच्या काट्यात विष असतं आणि ते उष्णतेनं निकामी होतं. रक्त दाबून थांबवा, जखम धुवा आणि पाय सोसवेल इतक्या गरम, म्हणजे फार तर ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. अंदाज चांगल्या पायानं घ्या, दुखऱ्या पायाला चटका समजत नाही. आमच्या खोलीतला गिझर त्या दिवशी देवासारखा धावला. कळ उतरली तरी डॉक्टर गाठाच: काट्याचा तुकडा आत राहू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपसू नका. २००६ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचे प्रसिद्ध वन्यजीव-निवेदक स्टीव्ह आयर्विन छातीवरच्या अशाच घावानं गेले. अशा वेळी गरम पाणी शोधत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.