हँडी की बेस?

भाईंदर पश्चिमेला सातव्या मजल्यावर राहते. हॅम (हौशी) रेडिओचा परवाना घेतला तेव्हा केस काळे होते. व्हीयू-३ने सुरू होणारी माझी खूण, म्हणजे कॉलसाइन, आता ओळखीच्यांना पाठ झाली आहे. नव्याने परीक्षा पास झालेली मुलं घरी येतात आणि पाणी पिऊन होण्याआधीच विचारतात, "काकू, हँडी घेऊ की बेस सेट?" हातात धरायची हँडी आणि घरात मांडायचा बेस, दोन्हींवर पैसे घालवून झालेत, म्हणून हे चार शब्द.

१. आधी परवाना, मग दुकान.

परदेशात नुसतं ऐकण्यासाठी 'स्कॅनर' म्हणून वेगळा संच विकत मिळतो. तिथले व्हिडिओ पाहून इकडची पोरं हुरळतात. आपल्याकडे बिनतारी संच बाळगायलाच परवाना हवा, १९३३च्या कायद्यापासून ही रीत आहे. सूट आहे ती ४४६ मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना. ऑनलाइन दिसेल तो चिनी संच मागवू नका. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या आहेत. हॅमच्या परीक्षेला वयाची अट फक्त बारा वर्षांची आहे, तेव्हा पळवाट शोधण्यापेक्षा अभ्यास सोपा. आणि पोलिसांचं बोलणं ऐकायला मिळेल का, हे मला विचारू नका. नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये हॅम मंडळींच्याच इतक्या गप्पा चालतात की एक जन्म पुरणार नाही.

२. संच दुकानात मिळतो, उंची मिळत नाही.

हे मला उशिरा कळलं. आमच्या कामाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला चाराने गुणलं की साधारण किती किलोमीटरवर क्षितिज लागेल ते कळतं. रस्त्यावर उभं राहून तोंडापाशी धरलेल्या हँडीचं क्षितिज पाच किलोमीटरवर संपतं. पंचवीस मीटरवरच्या गच्चीतलं वीसवर जातं. पण हे मैदानातलं गणित. मिरा-भाईंदरच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आडवे बसलेत, दक्षिणेला दहिसरपर्यंत टॉवरच टॉवर. उत्तरेला खाडी मोकळी, त्यामुळे वसई-नायगाव शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं येतं, आणि ठाणं, जे नकाशात हाताशी दिसतं, ते मुकं.

पहिला बेस सेट मी हौसेने हॉलमध्ये मांडला. अँटेना खिडकीच्या ग्रिलला, तीही पूर्वेकडच्या. पंधरा दिवस खरखर ऐकली. मग एका रविवारी हँडी घेऊन उत्तनला धारावी किल्ल्याच्या टेकडीवर गेले. वीतभर उंचीचा तो संच, वर बोटभर रबरी अँटेना. पण घरातल्या महागड्या डब्याने पंधरा दिवसांत ऐकवली नव्हती इतकी माणसं तासाभरात ऐकू आली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या किल्ल्यासाठी इतकी झटापट का झाली, ते त्या दिवशी रेडिओच्या अंगाने समजलं.

३. केबलमध्ये कंजुषी केली की ती सव्याज वसूल होते.

गच्चीवर अँटेना नेली, पण खाली आणायला स्वस्तातली बारीक केबल घेतली, आरजी-५८. तीस मीटर. दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे त्याच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, एवढ्या लांबीत आलेल्या सिग्नलचा पाव हिस्साच संचापर्यंत पोचतो, बाकीची ऊब केबलला. जाड आरजी-२१३ने निदान अर्धा तरी पोचवला. अँटेना मात्र घरीच करा: उभी एक आणि खाली तिरक्या चार, अशा अर्ध्या मीटरच्या आसपासच्या ॲल्युमिनियमच्या काड्या आणि एक सॉकेट. माझी अजून तीच आहे.

४. हँडीला गच्चीची अँटेना जोडली म्हणजे बेस सेट होत नाही.

'दोन्हींचं काम एकात' हा हिशेब मीही केला होता. जोडल्याबरोबर हँडी बहिरी झाली. कारण असं की स्वस्त हँडीचं पोट लहान असतं. रबरी अँटेनातून थोडं थोडं येतं तोवर ती नीट पचवते. उंच अँटेनातून आजूबाजूच्या सगळ्या जोरदार प्रक्षेपणांचा लोंढा आला की हवं ते नको त्यात बुडतं. बेस सेटला पुढे चांगली चाळण असते आणि पैसे पडतात ते त्या चाळणीचे. जास्त वॅट पाहून बेस घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

५. डोक्यावरून जाणाऱ्यासाठी हँडीच.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं. जुलै २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून हॅम रेडिओवर शाळकरी मुलांशी बोलले होते. स्थानक चारशे किलोमीटर उंचावरून दहाएक मिनिटांत आकाश ओलांडतं. उभ्या अँटेनाला क्षितिज छान दिसतं, डोक्यावरचं मात्र फारसं दिसत नाही. म्हणजे ते अगदी जवळ आलं की बेस सेट मंदावतो! हँडी हातात तिरकी करून फिरवत राहिलं की आवाज पुन्हा चढतो. गच्चीत अशी हातवारे करणारी बाई पाहून वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आमच्या ह्यांना काळजीने फोन केला होता.

६. खारी हवा.

दोन पावसाळ्यांत गच्चीवरचा कनेक्टर हिरवा पडतो. रबरी टेप गुंडाळा, दर मे महिन्यात उघडून बघा. सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज आधी द्या, पेढे नंतर.

७. वीज गेल्यावरचा विचार आधी करा.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी अंधेरीत अडकले होते, फोन लागत नव्हता, घरी वीज नव्हती. हॅमचा नाद त्या रात्रीतून लागला. बेस सेट बारा व्होल्टवर चालतो, म्हणून त्याच्याखाली गाडीची बॅटरी ठेवलीय आणि ती चार्ज आहे की नाही हे मी पहिल्या तारखेला बघते. हँडीचा सेल भरलेला असतो, पण तो दिवसभरात संपतो.

उत्तनच्या पाली बंदरात एक तांडेल ओळखीचे आहेत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा त्यांच्याकडे फुरसत असते. त्यांच्या केबिनमध्ये पंचवीस वॅटचा पक्का बसवलेला व्हीएचएफ संच आहे, आणि शेजारी खिळ्याला पिशवीत बांधलेला हातातला. मी विचारलं, दोन कशाला? ते म्हणाले, "बाय, हा बोटीचा. तो माझा. बोट गेली तर हा बोटीबरोबर जाणार."

घरी आल्यावर मी हँडी कपाटातून काढली आणि दाराजवळ किल्ल्यांच्या खुंटीला टांगली. ह्यांचा चष्मा तिथून हलवावा लागला, त्यावरून अजून बोलणी खाते.