सशाच्या जबड्यावरील गळू

पाळीव सशाने खाणे सोडले, तर प्रथम त्याचा जबडा चाचपून पाहावा. सशाचे २८ दात जन्मभर वाढत असतात व गवत चावताना झिजून योग्य मापात राहतात. केवळ भुसा, पेंड व मऊ खाद्य दिल्यास ही झीज पुरेशी होत नाही. दात वाकडे वाढतात, मुळाशी जंतू शिरतात आणि जबड्यावर टणक गाठ येते. हनुवटी लाळेने ओली राहणे, डोळ्यांतून पाणी गळणे व घास तोंडातून पडणे ही रोगाची लक्षणे होत.

अशा वेळी पुढील दक्षता घ्यावी :

(१) गाठ घरी फोडू नये. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असल्याने वाहून जात नाही. पशुवैद्यकाकडून शस्त्रक्रियेने गळवाचे आवरण व सडका दात काढवून घ्यावा.

(२) घरात उरलेले ॲम्पिसिलिन वा ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे कदापि देऊ नये. त्यामुळे आतड्यांतील उपयुक्त जंतू मरतात, अपायकारक जंतू बळावतात व ससा दगावू शकतो.

(३) ससा १२ तास उपाशी राहिल्यास आतड्यांचे काम मंदावते; म्हणून दवाखान्यात त्वरित न्यावे. नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने भिजवून पातळ केलेले खाद्य, सुई काढलेल्या पिचकारीने, गालाच्या बाजूने थोडे थोडे भरवावे.

हे गळू पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो. म्हणून प्रतिबंधच श्रेयस्कर. कोल्हापूरच्या पश्चिमेस पन्हाळा, शाहूवाडी व गगनबावडा भागांत पावसाळ्यानंतर डोंगरी गवत कापून वाळवितात. असे स्वच्छ, बुरशी नसलेले गवत सशापुढे अहोरात्र असावे. आठवड्यातून एकदा जबड्यावरून बोट फिरवावे. गाठ हरभऱ्याएवढी असतानाच उपचार सुकर होतात, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ससे पाळणाऱ्या प्रत्येक घरी समजावून सांगावी.